टाळ्या न वाजवणारी खाला

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं माझ्या मागच्या भिंतीवरच्या फोटोवरून भांडत होतात. फोटोत तुमची मावशी आणि तिची जोडीदारीण करंडक उचलून उभ्या आहेत. मागे गॅलरीतली सगळी माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत आणि त्यांच्यात एकच बाई बसलेली आहे. हिरवी ओढणी, दोन्ही हात मांडीवर, चेहरा दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखा. धाकटी म्हणाली, "आज्जी, ही आँटी रागावलीय का?" मोठा म्हणाला, "ती दुसऱ्या टीमची असणार."

मी "लिहून कळवते" म्हणाले आणि तुम्ही हसलात, कारण आता कुणी काही लिहून कळवत नाही. पण ही गोष्ट फोनवर सांगायला गेले तर माझीच गडबड होईल. मला ती नांदेडला एका दुपारी कळली, आणि तो धक्का अजून पुरता गेलेला नाही. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सुरुवात, मध्य आणि शेवट असल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. तेव्हा क्रमाने सांगते. अवघड शब्द आला तर आईला विचारा.

तुमची मावशी बॅडमिंटनकडे वळली ती लातूरच्या क्रीडा संकुलातल्या उन्हाळी शिबिरामुळे. घरात दुपारभर दंगा नको म्हणून आम्ही तिला तिकडे धाडलं होतं. तुमचे आजोबा आडतीवर, मी पेपर तपासण्यात. शटल कशाचं बनतं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. एक दिवस तिनं शटलची नवी नळी देवघराच्या कोनाड्यात ठेवली. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीनं, झाकण उघडून एक बाहेर काढलं, चष्मा लावून पाहिलं आणि हातातून टाकूनच दिलं.

"अगं, पिसं हायत ही! खऱ्या पाखराची!"

"बदकाची असतात, आज्जी. नाहीतर हंसाची," मावशीनं माहिती पुरवली.

"या घरात कधी अंडं आलं न्हाई, आन् पोरीनं आख्खं बदक आणून देवापुढं ठिवलं!"

नळीची रवानगी गच्चीच्या जिन्याखाली झाली. देवघर धुतलं गेलं. माझ्या मुलीच्या खेळानं आमच्या घराला दिलेला हा पहिला धक्का. तेव्हा वाटलं होतं, याहून मोठा काय बसणार!

आता दुसरी गोष्ट, जी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपण लिंगायत. आपल्यात लहानपणीच स्वामी घरी येऊन मुलाला किंवा मुलीला दीक्षा देतात आणि इष्टलिंग देतात. ते चांदीच्या छोट्या डबीत असतं आणि डबी दोऱ्यानं गळ्यात असते. आता पुष्कळ घरांत ते फक्त पूजेपुरतं काढतात, पण आमच्याकडे सासूबाईंच्या शिस्तीत तसं चालत नसे. लिंग अंगावेगळं करायचं नाही. पूजेला घ्यायचं तेही स्वतःच्याच तळहातावर. दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. जमिनीला तर टेकवायचंच नाही. मी निवृत्त होईपर्यंत वर्गात शिकवताना पदराखाली ते सांभाळलं आहे. तुमच्या मावशीची डबी तुमच्या आजोबांनी सराफाकडून मुद्दाम करून घेतली होती. तिच्यावर बेलाचं तीन दलांचं पान कोरलेलं आहे, आणि मधलं दल जरा वाकडं आलंय. तुमच्या आईचीही डबी आहे. विचारा तिला, कुठे ठेवलीय.

विभागीय शालेय स्पर्धेत मावशीला एक डावखुरी मुलगी भेटली. नांदेडची, मुसलमान घरातली. वडिलांचं सोफे दुरुस्तीचं दुकान. मुलीसाठी ते रॅकेटचं गटिंग करायला शिकले, म्हणजे तुटलेली जाळी नव्यानं विणायला, आणि पुढे आमच्या मुलीचीही रॅकेट तेच विणून द्यायचे. त्या दोघींना एका सरांनी सहज एकत्र उभं केलं आणि त्या जिंकत सुटल्या. मावशी मागून उडी मारून जोरात मारायची, डावखुरी पुढे जाळीपाशी मांजरासारखी टपलेली. दोघींच्या मधून शटल आलं तर कुणी घ्यायचं, यावरून दुहेरीच्या निम्म्या जोड्या फुटतात म्हणे. या दोघींनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं: मधलं डावखुरीचं. कायमचं. मग मावशी त्या शटलकडे बघतसुद्धा नसे.

दर शनिवारी मावशी एसटीनं नांदेडला जाऊ लागली. तिथे लाकडी कोर्ट होतं. पुढे दोघींना हैदराबादच्या अकादमीत घेतलं, तेव्हा डावखुरीची आई दोघींबरोबर गेली, कारण तिचा भाऊ तिथे राहायचा. हीच फोटोतली बाई. मावशी तिला खाला म्हणायची, मावशी या अर्थानं. मला निघणं शक्य नव्हतं. कॉलेज होतं, आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. गावोगावच्या स्पर्धा, पुढे नोकरी लागल्यावरचे सामने, सगळीकडे खालाच. मी वर्षातून एखादा अंतिम सामना बघायची.

आणि दर वेळी मला तेच दिसायचं. खाला गॅलरीत ठरल्या जागी, हात मांडीवर. माझ्या मुलीनं पॉइंट घेतला तरी टाळी नाही, स्वतःच्या मुलीनं घेतला तरी नाही. मी एकदा डब्यातले धपाटे पुढे केले तर म्हणाली, "नको मॅडम, मॅच झाल्यावर." रोजा असेल म्हणून मी गप्प बसले. घरी येऊन तुमच्या आजोबांना म्हणाले, "बाई चांगली आहे, पण फार अलिप्त."

दुहेरीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा समजली. त्यात क्रमवारी एकटीची नसते, जोडीची असते. जोडी मोडली की दोघींनी मिळवलेलं सगळं पुसलं जातं, आणि नव्या जोडीदारणीबरोबर अगदी तळापासून सुरुवात. मावशीची जोडी परदेशातल्या लहान स्पर्धांपर्यंत पोचली होती. देशाच्या शिबिरात बोलावणं येणार, एवढंच काय ते राहिलं होतं.

त्या दिवशी मी गच्चीवर कुरडया घालत होते. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, मीही निवृत्त झाले होते. फोन वाजला. हात चिकाचे होते म्हणून कोपरानं स्पीकर लावला.

"आई, आम्ही आता एकत्र खेळत नाही."

"म्हणजे? तिला लागलंय का?"

"लागलं नाही. अकादमीतल्या सरांनी वेगळं केलं. नव्या जोड्या जास्त पुढे जातील म्हणे. तिला एका उंच मुलीबरोबर लावलंय, मला दुसरीबरोबर. शिबिरात आपल्या राज्यातून एकच जोडी घेणार. नांदेडच्या स्पर्धेत जी जिंकेल ती."

"आणि तुम्ही दोघींनी ऐकून घेतलं?"

तिनं आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "सरांनी तिला आधी विचारलं. ती हो म्हणाली. मग मला विचारायचं काय उरलं?"

मी तशीच उन्हात बसून राहिले. कुरडईच्या साच्यातला चीक वाळून गेला. शाळकरी वयापासून एकमेकींच्या ताटात जेवलेल्या मुली. नवरा-बायकोसुद्धा असं एका वाक्यात वेगळे होत नाहीत, त्यांना निदान वकील तरी लागतो.

मी नांदेडला जायचं ठरवलं. तिला कळवलं नाही, कारण ती नको म्हणाली असती. सकाळची एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत दुपारी पोचले तेव्हा अंतिम सामना सुरू होऊन पहिला गेम संपत आला होता, आणि समोरासमोर त्याच दोन जोड्या होत्या. मी दाराजवळच्या बाकावर बसले, श्वास घेतला आणि खाली पाहिलं.

जाळीच्या अलीकडे माझी मुलगी, पलीकडे डावखुरी. माझे डोळेच ते दृश्य घेईनात. बॅडमिंटनमधलं मला फार कळतं असं नाही, पण त्या दोघी मला नेहमी एकाच बाजूला, पाठमोऱ्या दिसायच्या. आज माझी पाठमोरी होती आणि दुसरी तिच्याकडे तोंड करून उभी. पहिला गेम आपल्या मावशीनं घेतला. दुसरा तिकडे गेला.

तिसऱ्याच्या सुरुवातीला मावशीनं मागून उंच उडी घेतली. मारता मारता तिच्या शर्टाची कॉलर उघडली, आणि ती वळून माझ्या बाजूनं शटल उचलायला आली तेव्हा मला तिचा गळा दिसला.

मोकळा.

हरवलं, हा पहिला विचार. दुसरा त्याहून वाईट: खाली तिच्या किटबॅगमध्ये असेल, घामाच्या बुटांशेजारी, जमिनीवर. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं तरी त्या शेजारी बसून मला विचारतायत असं वाटलं, "सूनबाई, पोरीचं लिंग कुठं हाय?"

तेवढ्यात पॉइंट संपला, आणि मावशीनं मान वर करून गॅलरीत पाहिलं. माझ्याकडे नाही. समोरच्या बाजूला. सर्व्हिसच्या आधी पुन्हा एकदा, पटकन, चप्पल जागेवर आहे ना बघावं तसं. मी तिच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. तिथे खाला बसली होती. हिरवी ओढणी, दोन्ही हात मांडीवर. आणि हातांच्या ओंजळीत, घडी घातलेल्या पांढऱ्या रुमालावर, चांदीचं काहीतरी चमकत होतं.

गॅलरीला वळसा घालून मी तिच्यापर्यंत कशी गेले, मला आठवत नाही. लोकांच्या पायांवर पाय दिले असणार. जवळ गेल्यावर वाकड्या दलाचं बेलाचं पान दिसलं आणि उरलीसुरली शंका संपली.

"मॅडम! तुम्ही कवा आलात?" खाला म्हणाली. उठली मात्र नाही.

"ते इकडे द्या," मी म्हणाले.

तिनं डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"देते की. पण तिला विचारून. तिनं माझ्या हातात दिलंय ना. अमानत हाय."

"मी तिची आई आहे."

"हाव, म्हणूनच तर पंचाईत हाय. दुसरं कुणी असतं तर सरळ न्हाई म्हटलं असतं." ती जरा सरकली आणि मला जागा केली. "बसा. ती दर पॉइंटला वर बघती. हितं डबी दिसली न्हाई तर पोरीचे हातपाय गळतील. मॅच होऊ द्या, मग तिच्या समोर तुमच्या हातात ठेवते. मग मला काय बोलायचं ते बोला, ऐकून घेते."

मला नाही म्हणाली. माझ्याच घरची वस्तू, माझ्याच मुलीची, आणि ही बाई मला शांतपणे नाही म्हणाली. मी बसले.

"तुमची मुलगी तिकडे समोरून खेळतेय," मी म्हणाले. जरा टोचूनच म्हणाले.

"खेळून राहिली की. तिचं काय सांभाळायचंय? तिचा मोबाइल हाय माझ्या पर्समधी, तो कुठंबी पडला तरी चालतो."

मग खाली बघत, पॉइंटांच्या मधल्या वेळात, तिनं मला सांगितलं. भोकरच्या एका स्पर्धेत, मुली अजून शाळेत होत्या तेव्हा, उडी मारताना डबी उसळून मावशीच्या ओठावर बसली. रक्त आलं. पंचांनी सांगितलं, गळ्यातलं काढ, नाहीतर खेळता येणार नाही. पोर डबी मुठीत धरून रडत गॅलरीत आली.

"मी म्हटलं, बाळा, मी याला हात लावायचा का न्हाई मला ठाव न्हाई. ती म्हणली, खाला, फक्त जमिनीवर ठेवू नका. मग मी नळावर जाऊन वजू करून आले आन् ओढणी पसरली."

वजू म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात ते. ती दर सामन्याआधी वजू करून बसायची. डबीला बोट लावायची नाही, रुमालासकट धरायची. डबी मांडीवर असताना खायची नाही, प्यायची नाही, जागेवरून हलायची नाही. मी कधी आले तर डबीवर ओढणीचं टोक ओढून घ्यायची. आणि हात रिकामे नसल्यामुळे टाळ्या वाजवायची नाही. एवढी सगळी वर्षं, एवढ्या गावांत.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"ती म्हणली, आज्जीला कळलं तर खेळ बंद."

"आणि मी?"

खालानं रुमालाचं टोक सरळ केलं. "तुमचं नाव तिनं काढलंच न्हाई, मॅडम. मला वाटलं तुम्हालाबी चालायचं न्हाई. चाललं असतं?"

खाली टाळ्या पडल्या. गुण बरोबरीत आले होते.

बाळांनो, पुढचा खेळ मी आयुष्यात कधी पाहिला नाही तसा पाहिला. माझ्या शेजारी एक आई, जिची मुलगी माझ्या मुलीला हरवायला उभी आहे, आणि तिच्या ओंजळीत माझ्या मुलीचा देव. मला टाळी वाजवता येईना. ती तर वाजवूच शकत नव्हती. खाली दोघींच्या नव्या जोड्यांची सारखी फजिती चालली होती. डावखुरी मधलं शटल घ्यायला सवयीनं झेपावायची आणि तिची रॅकेट नव्या जोडीदारणीच्या रॅकेटवर आदळायची. आणि आपली मावशी मधलं शटल सोडून द्यायची. नवी मुलगी बिचारी दोनदा ओरडली, "तुझं होतं!" मावशी मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा सोडायची. अंगातच मुरलेलं होतं ते.

शेवटचा पॉइंट. तिकडच्या जोडीला एकच हवा होता. खूप वेळ शटल खाली पडेना. मग डावखुरी जाळीपाशी सरसावली. समोर उजवीकडे सगळी जागा मोकळी होती, मलासुद्धा दिसत होती. तिनं तिकडे मारलं नाही. तिनं मध्ये मारलं, माझी मुलगी आणि तिची नवी जोडीदारीण यांच्या बरोबर मधोमध. जोरातही नाही. मावशीनं ते येताना पाहिलं, आणि तिची रॅकेट हललीच नाही. शटल खाली पडलं. पंचांनी निकाल सांगितला.

खाला पुटपुटली, "या अल्ला." तिची मुलगी जिंकली होती, आणि तिच्या तोंडावर मला आनंद सापडला नाही.

जाळीवर सगळ्यांनी हात मिळवले. मावशी टॉवेल न घेता तशीच जिना चढून वर आली आणि मला पाहून पायरीवर थांबली. घामानं निथळत होती, तरी चेहरा पांढरा पडला.

"आई."

नांदेडच्या त्या गॅलरीत बोलायला मी मनात पुष्कळ काही जुळवलं होतं. पण खाला माझ्याआधी उठली.

खालानं रुमाल चारी टोकांनी उचलून पुढे केला. "घे, बाळा. आईनं मागितलं होतं. मी दिलं न्हाई. आता तू म्हणशील तसं."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे मी पुढे होऊन ते घ्यायला हवं होतं, घरी नेऊन स्वामींना बोलावायला हवं होतं. मी म्हणाले, "घाल गळ्यात. मानेवरचा घाम पूस आधी."

तिनं ओढणीच्या टोकाला मान पुसली. खालाच्या ओढणीच्या. दोरा गळ्यात घातला.

तोवर डावखुरी वर आली होती. दोन पायऱ्या खाली थांबली. रॅकेट अजून हातातच.

"हात मिळव तिला," खाला म्हणाली.

"मिळवला ना, अम्मी. जाळीवर."

"ते पंचांसाठी. आता मिळव."

मग मावशी म्हणाली, "तू मुद्दाम मध्ये मारलंस."

"हो."

"उजवीकडे मोकळं होतं."

"उजवीकडे मारलं असतं तर तू घेतलं असतंस." डावखुरीचा आवाज चिरकला. "मधलं तू सोडणार, मला माहीत होतं."

मी खालाकडे पाहिलं, खालानं माझ्याकडे. इतकं सरळ, इतकं निष्ठुर कुणी कुणाला बोललेलं मी ऐकलं नव्हतं. वाटलं, आता मावशी हिच्या थोबाडीत देईल. मावशी एक पायरी खाली उतरली.

"मीपण तेच केलं असतं," ती म्हणाली. मग तिनं हात पुढे केला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी लातूरच्या गाडीत बसलो. खालानं अर्धापूरच्या केळ्यांची फणी पिशवीत कोंबली होती. मावशी खिडकीतून बाहेर बघत होती. लोहा मागे पडल्यावर म्हणाली, "पुढची स्पर्धा आहे नागपूरला. जावं का नाही, कळत नाही. बहुतेक सोडूनच देते सगळं."

"नवी मुलगी चांगली खेळते की. मधल्या शटलचं ठरवा म्हणजे झालं."

"ते नाही." ती थांबली. "खाला आता तिच्याबरोबर शिबिरात जाणार."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. शिबीर हातचं गेलं होतं, जोडी गेली होती, क्रमवारी पुसली होती. आणि ही पोर खेळ सोडायचं म्हणत होती ते याच्यावरून, की वर बघितल्यावर तिथे कुणी नसेल.

"मी येते नागपूरला," मी म्हणाले.

ती एवढ्या झटक्यात वळली की केळी खाली सांडली. "तू? तुला चालेल? दुसऱ्याचं लिंग हातात?"

"तुझ्या आजीला चाललं नसतं. माझं मी बघते."

"मॅचभर जेवता येत नाही, आई. टाळ्यापण नाही."

"ठाऊक आहे. आज सगळं पाहिलंय."

आणि बाळांनो, मी गेले. नागपूरला, मग आणखी पुष्कळ ठिकाणी. तुम्हाला वाटतं आज्जी फिरायला जायची. मी बंद हॉलमध्ये, पंखेसुद्धा बंद, कारण वाऱ्यानं शटल हलतं, घामाच्या धारांत मांडीवर रुमाल पसरून बसायची. पहिल्याच सामन्यात मावशीनं असा एक स्मॅश मारला की माझे हात आपोआप उठले, आणि डबी घरंगळता घरंगळता मी ती गुडघ्यांत अडवली. त्या दिवशी मला कळलं की नुसतं बसून राहणं किती कठीण असतं. शेजारची एक आई मैत्रिणीला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्या आजी फार शिष्ट दिसतात."

मावशी शिबिरात कधीच पोचली नाही. ते मी गोड करून सांगत नाही. नव्या जोडीनं राज्यात नाव मिळवलं, त्यापुढे नाही. डावखुरी पोचली, देशाच्या संघाबरोबर दोन दौरे केले, आणि मग तिचा गुडघा गेला. उंच मुलीला तिसरी जोडीदारीण मिळाली. डावखुरी नांदेडला परत आली आणि मुलांना शिकवू लागली. दोघी मधूनमधून फोनवर बोलायच्या, बहुतेक गुडघ्यांबद्दल.

गेल्या वर्षी लातूरला खुली स्पर्धा झाली. मावशीनं ठरवलं होतं की ही शेवटची. अर्ज भरायच्या दिवशी तिनं नांदेडला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

"एक पाय तरी चालतो ना तुझा? मग बास. मधलं तूच घ्यायचंस. कायमचं ठरलंय ते."

सामन्याच्या दिवशी खाला माझ्या शेजारी येऊन बसली. केस पार पांढरे झाले होते, ओढणी हिरवीच. मावशी नेहमीसारखी वर आली, दोरा मानेवरून काढला आणि डबी धरून आमच्यासमोर उभी राहिली. एकदा माझ्या मांडीकडे पाहिलं, एकदा खालाच्या. मी रुमाल पसरलेला होता. खालाही वजू करून आली होती, मनगटं ओली होती अजून. पोरीला कळेना कुणाकडे द्यावं. मी रुमाल उचलून खालापुढे धरला. तुमचा हक्क आधीचा, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

खालानं ओढणी झटकन खांद्यावरून मागे टाकली आणि दोन्ही हात माझ्यासमोर उघडून दाखवले.

"न्हाई मॅडम. तुम्ही धरा. मला आज टाळ्या वाजवायच्यात. लई वर्षांच्या राहिल्यात."

आणि तिनं वाजवल्या. मी डबी ओंजळीत घेऊन थक्क होऊन बघत राहिले. मावशीच्या पॉइंटला वाजवल्या, डावखुरीच्या पॉइंटला वाजवल्या, शटल बाहेर गेलं तरी वाजवल्या, समोरच्या पोरींनी पॉइंट घेतला तरी वाजवल्या. पंचांनी मान वर करून पाहिलं. त्या पोरी आमच्या लेकींपेक्षा निम्म्या वयाच्या होत्या, त्यांनी पहिल्याच फेरीत आमचा धुव्वा उडवला. हॉल रिकामा व्हायला लागला तरी खालाचे हात थांबेनात.

"अम्मी, बास! हरलो आम्ही!" डावखुरी खालून ओरडली.

"मग?" खाला म्हणाली, आणि वाजवत राहिली.